वाद जिंकला, मत मात्र हलले नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): «माझ्या थोरल्या भावाला उच्च रक्तदाब आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या परस्पर बंद केल्या. ‘एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाहीत, आणि मला तर काहीच होत नाहीये,’ असे तो म्हणतो. मी विज्ञानाची पदवीधर आहे. त्याला लेख पाठवले, आकडेवारी दाखवली; पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी घरी सर्वजण जमलेले असताना मी त्याचा एकेक मुद्दा खोडून काढला. त्याच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून दादा माझ्याशी कामापुरतेच बोलतो आणि गोळ्या अजूनही बंदच आहेत. हा अनुभव फक्त दादाचाच नाही. एक मैत्रीण राशिभविष्य वाचल्याशिवाय निर्णय घेत नाही, कार्यालयातले सहकारी आलेला प्रत्येक संदेश शहानिशा न करता पुढे पाठवतात. लोकांना विवेकाने विचार करायला, स्वतःच्या समजुती तपासायला लावायचे तरी कसे? वहिनी म्हणतात, दादाची माफी माग. पण माझे म्हणणे बरोबर असताना माफी मागितली तर मीच खोटी ठरणार नाही का?»

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन निरनिराळी कामे एकमेकांत मिसळली आहेत, ती आधी वेगळी करू. दादांच्या औषधाचा प्रश्न मार्गी लागणे हे एक काम, आणि दादांनी आपल्या समजुती तपासायला शिकणे हे दुसरे. पहिल्याला थांबायला वेळ नाही. रक्तदाबाची काही औषधे अचानक सोडली तर रक्तदाब एकदम उसळू शकतो. शिवाय वाढलेल्या रक्तदाबाला बहुधा वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण नसते, त्यामुळे ‘मला काही होत नाहीये’ या वाक्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून या आठवड्यातच त्यांची डॉक्टरांशी भेट व्हायला हवी आणि त्यासाठी ज्यांचा शब्द ते मानतात अशा व्यक्तीने, म्हणजे तुमच्या पत्रावरून वाटते त्याप्रमाणे वहिनींनी, पुढाकार घ्यावा. सध्या ती व्यक्ती तुम्ही नाही, हे कटू असले तरी मान्य करा. दादा केवळ वहिनींच्या समाधानासाठी डॉक्टरांकडे गेले, तर विवेकाचा विजय झाला नाही म्हणून हळहळू नका. विवेकाचे काम सावकाश होते आणि ते होईपर्यंत रक्तदाब वाट पाहत नाही.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. घरच्या मंडळींसमोर दादा निरुत्तर झाले, याचा अर्थ तुम्ही असा लावला की त्यांच्या मताला आधार नाही हे सिद्ध झाले, आणि तरीही ते मत सोडत नाहीत म्हणजे ते विचारच करत नाहीत. परंतु उत्तर न सुचणे आणि पटणे यांत बरेच अंतर आहे. चारचौघांत धाकट्या बहिणीकडून मुद्दे खोडले जात असताना माणसाच्या मनात जो हिशोब चालू असतो तो रक्तदाबाचा नसतो, आपल्या प्रतिष्ठेचा असतो. आणि ती सांभाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आधीच्या मतावर अधिक ठाम राहणे. दारूच्या व्यसनावर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की समुपदेशक रुग्णाला जितका जास्त सामोरासमोर खोडून काढत होता, तितके त्या रुग्णाचे पिणे वर्षभरानंतर जास्त आढळत होते. अशा निष्कर्षावरून कारण आणि परिणाम यांची दिशा पूर्णपणे ठरवता येत नाही, कारण अधिक अडेल रुग्णांशीच समुपदेशक अधिक कठोर वागले असतील हेही शक्य आहे; पण खोडून काढल्याने कोणी सुधारले असे काही त्यात दिसले नाही, एवढे नक्की.

मग पुरावे दाखवण्यात अर्थच नाही का? असा निष्कर्ष हल्ली सर्रास काढला जातो, आणि तो मला मान्य नाही. २०१० मध्ये ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर या अभ्यासकांनी दाखवले की काही राजकीय विषयांवर चुकीची माहिती दुरुस्त केल्यावर काही लोकांची मूळ चुकीची समजूत उलट घट्ट झाली. ही गोष्ट ऐकायला इतकी चमत्कारिक होती की ती वाऱ्यासारखी पसरली, आणि ‘लोकांना पुरावे देऊन उपयोग नसतो’ हेच एक शहाणपणाचे वाक्य होऊन बसले. त्यानंतर थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषय घेऊन, हाच परिणाम शोधायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये छापील अंकात आलेल्या त्यांच्या लेखानुसार तो परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. सर्वसाधारणपणे लोक दुरुस्ती स्वीकारतात. फक्त तेवढ्याने त्यांची निष्ठा किंवा भूमिका बदलत नाही. (पुरावे निरुपयोगी असतात हे सांगण्यासाठी लोक वर्षानुवर्षे एका पुराव्याचा दाखला देत राहिले, यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेलच.)

याहून उपयोगी निष्कर्ष २०२४ मध्ये थॉमस कॉस्टेलो, गॉर्डन पेनीकूक आणि डेव्हिड रँड यांनी प्रसिद्ध केला. कटकारस्थानाच्या एखाद्या सिद्धांतावर विश्वास असलेल्या सुमारे २,२०० अमेरिकी लोकांना त्यांनी आधी स्वतःच्या शब्दांत ‘मला हे का पटते’ असे लिहायला सांगितले, आणि मग संभाषण करणाऱ्या एका संगणकीय प्रणालीने नेमक्या त्याच कारणांना धरून त्यांच्याशी चर्चा केली. विश्वासाची तीव्रता सरासरी २० टक्क्यांनी घटली आणि दोन महिन्यांनंतरही ती घट टिकून होती. यातून मी दोन गोष्टी घेतो. पुरावा लागू पडला, कारण तो त्या माणसाच्या स्वतःच्या कारणाला दिलेले उत्तर होता. आणि, हा मात्र माझा तर्क आहे, यंत्रासमोर माघार घेताना कोणाचे तोंड चुकवावे लागत नाही.

तुमच्या पत्रात नेमकी हीच जागा रिकामी आहे. दादा काय म्हणतात ते तुम्ही लिहिले आहे. पण ते त्या मतापर्यंत कसे आले, हे त्यात कुठेही नाही. त्यांनी काही काळ गोळ्या घेतल्या होत्या. त्या काळात काय झाले? रक्तदाबाच्या एका प्रकारच्या गोळ्यांनी घोट्यांवर सूज येते, दुसऱ्या एका प्रकाराने कोरडा खोकला लागतो, आणि काहींनी उठून उभे राहताना भोवळ आल्यासारखे वाटते. समजा दादांचे पाय सुजत होते, त्यांनी गोळी थांबवली आणि सूज उतरली. तर त्यांनी परिणाम पाहिला, कारण हेरले, ते काढून टाकले आणि फरक पडतो का ते तपासले. म्हणजे विवेकी माणूस जे करतो तेच, फक्त हिशोबात न दिसणारा धोका धरायचे राहून गेले. अशा माणसाला तुम्ही अनोळखी लोकांची आकडेवारी दाखवत होता आणि तो स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवत होता. प्रत्यक्षात असेच झाले असे मी म्हणत नाही. काय झाले ते तुम्हीही विचारलेले नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि खरोखरच असे काही असेल, तर औषध बदलून देणे डॉक्टरांना सहज शक्य असते, वादाची गरजच उरत नाही.

‘सवय लागते’ हे बहुधा तोंडावरचे कारण आहे. लोक ज्या कारणाने एखादी गोष्ट मानतात आणि ज्या कारणाने तिचे समर्थन करतात, ती कारणे बऱ्याचदा वेगळी असतात. समर्थनाची कारणे खोडून काढली की माणूस नवी शोधतो, आणि आपल्याला वाटते की हा हट्टी आहे.

इथे थोडी उलटतपासणी तुमचीही करतो, राग मानू नका. १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. त्याने लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि सांगितले की ते एका नियमात बसतात. तुम्ही आपले तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही हे मी सांगेन, आणि खात्री पटली की नियम ओळखा. बहुतेकांच्या मनात लगेच ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असा नियम आला, आणि त्यांनी ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे आकडे सुचवले. प्रत्येक वेळी ‘बसतात’ असे उत्तर आले, आणि त्यांनी छातीठोकपणे चुकीचा नियम सांगितला. खरा नियम केवळ ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’ एवढाच होता. १, २, ५० असे काहीतरी वेडेवाकडे, म्हणजे आपला नियम खोटा पाडू शकेल असे, सुचवले असते तर तो कळला असता. पण आपल्याला ‘होय’ ऐकायची ओढ असते. तुमचा नियम आहे ‘हे लोक विचार करत नाहीत’, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ तुम्ही तीन उदाहरणे दिली आहेत. या तिघांनी एखाद्या बाबतीत नीट शहानिशा करून निर्णय घेतल्याचे उदाहरण तुम्ही शोधले का? दादा त्यांच्या कामात, पैशाच्या व्यवहारात, कोणाच्याही शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवतात का? मला शंका आहे. तसे असेल, तर त्यांना विचार करायला शिकवायचे नसून, एका ठिकाणी ते जे करतात तेच दुसऱ्या ठिकाणी करायला काय आडवे येते हे पाहायचे आहे.

हे पाहण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे प्रश्न. पण प्रश्नाचा प्रकार महत्त्वाचा आहे. ‘तुला असं का वाटतं?’ असे विचारले की माणूस वकील होतो आणि बाजू मांडतो. ‘हे नेमकं कसं घडतं?’ असे विचारले की त्याला स्वतःच्या समजुतीच्या आत डोकवावे लागते. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये दाखवले की कपड्याची चेन किंवा कुलूप यांसारख्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला चांगले माहीत आहे असे लोकांना वाटते, आणि पायरीपायरीने लिहायला सांगितले की तेच लोक स्वतःच्या समजेला कमी गुण देतात. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हेच सरकारी धोरणांबाबत करून पाहिले, तेव्हा धोरण कसे काम करेल हे समजावून सांगताना लोकांची टोकाची मते थोडी सौम्य झाली, तर नुसती कारणे सांगताना झाली नाहीत. मते सौम्य होण्याचा परिणाम नंतरच्या प्रयोगांत प्रत्येक वेळी दिसलेला नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका. पण आपल्याला वाटते तितके आपल्याला कळत नाही, ही जाणीव अशा प्रश्नांनी होते. तुमच्या बाबतीत ते संभाषण, दोघेच असताना, साधारण असे होऊ शकेल.

«दादा, सवय लागते म्हणजे नेमकं काय होतं रे? गोळी सोडल्यावर तुला काही झालं का?»

«नाही, उलट बरं वाटलं.»

«म्हणजे सवय लागली नव्हती. मग बरं कशानं वाटलं?»

«डोकं हलकं झालं. गोळी घेतली की दुपारपर्यंत सुस्ती यायची.»

«हे तू डॉक्टरांना सांगितलंस?»

यातला पहिला प्रश्न खनपटीला बसून विचारला तर तोही सापळाच ठरतो, आणि माणसाला सापळा लगेच ओळखू येतो. उत्तर आले की थांबा, ते आपल्या शब्दांत परत सांगून ‘असंच म्हणायचंय ना?’ असे विचारा, आणि तुमच्याकडे तयार असलेला लेख तयारच राहू द्या. ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तुमचे स्वतःचे म्हणणे तसूभरही बदलण्याची शक्यता नाही, तो प्रश्न विचारू नका. तो वेषांतर केलेला उपदेश असतो.

आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्या पुराव्याच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेतून सुटते. मत सोडण्याची किंमत असते, आणि ती कोण किती भरणार हे पाहिल्याशिवाय समोरच्याचा हट्ट समजत नाही. व्हिएन्नातील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये असा नियम केला की शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुवावेत. एप्रिलमध्ये त्याच्या विभागात बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते; मेच्या मध्यात हात धुणे सुरू झाले आणि जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले. याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा? तरीही त्या काळातील अनेक नामांकित डॉक्टरांनी तो स्वीकारला नाही. एक तर असे का होते याचे त्या काळच्या वैद्यकाला पटेल असे स्पष्टीकरण उपलब्ध नव्हते, कारण जंतूंचा सिद्धांत अजून प्रस्थापित व्हायचा होता. दुसरे म्हणजे हे मान्य करणे याचा अर्थ आजवर आपल्याच हातांनी बाळंतिणी दगावल्या हे मान्य करणे होते. पुढे सेमेलवाइस यांनी विरोधकांना जाहीर पत्रे लिहून खुनी ठरवले. त्यांची भाषा कठोर होती म्हणूनच त्यांना नाकारले गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण नाकारणे आधीच सुरू झाले होते. परंतु ज्या पश्चात्तापाच्या भीतीने लोक मागे सरत होते तीच भीती त्या पत्रांनी त्यांच्या तोंडावर फेकली, आणि परतीची वाट होती ती अधिकच अरुंद केली.

दादांची किंमत इतकी भयंकर नाही, पण आहे. गोळ्या पुन्हा सुरू करणे म्हणजे आपण आता कायमचे रुग्ण आहोत हे मान्य करणे, आणि आता तर त्यात ‘धाकटी बरोबर होती’ हेही आले. ही दुसरी किंमत तुम्ही वाढवलेली आहे, आणि कमी करणेही तुमच्याच हातात आहे. मत बदलण्याचे श्रेय त्यांना घेऊ द्या. डॉक्टरांनी समजावले, स्वतः मोजून पाहिले, वहिनींचे मन राखले, यांपैकी त्यांना जे सोयीचे वाटेल ते कारण त्यांचे. त्यात तुमचे नाव नसले तर बिघडले काय?

मोजून पाहण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण समजूत तपासायला लावण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. डॉक्टरांची भेट झाल्यावर, त्यांच्या संमतीने, घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र वापरा. पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून, एकेका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस मोजायचे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून अधिक सरासरी ही सामान्यतः वाढलेली मानली जाते. महत्त्वाचे ते यापुढे. मोजायला सुरुवात करण्याआधी, कोणता आकडा आला तर काय मानायचे, हे दादांनी स्वतः कागदावर लिहावे, आणि तुम्हीही लिहावे. आकडा आल्यानंतर अर्थ लावायला बसले की प्रत्येकाला आपलाच अर्थ सापडतो. आधी लिहिलेले असले की पळवाटा कमी होतात. सरासरी मर्यादेच्या आत आली, तर ‘यंत्र बिघडले असेल’ असे म्हणण्याचा मोह तुम्हालाही आवरावा लागेल, आणि पुढचा निर्णय तुम्ही दोघांनीही डॉक्टरांवर सोडावा लागेल. ही अट तुम्हाला जाचक वाटत असेल, तर दादांना तुमची अट कशी वाटते याचा अंदाज येईल.

मैत्रीण आणि सहकारी यांच्याविषयी फार लिहीत नाही. राशिभविष्य वाचून मैत्रीण जर प्रवासाचा दिवस ठरवत असेल, तर तिला ठरवू द्या. नोकरी सोडायची की नाही हे ठरवत असेल आणि तुमचे मत विचारत असेल, तर गेल्या महिन्याची भविष्ये एकत्र वाचून त्यातली किती जुळली असती आणि बाकीच्या अकरा राशींचीही किती जुळली असती, एवढे तिच्यासोबत पाहा. सहकाऱ्यांच्या प्रत्येक संदेशाला उत्तर देणे सोडून द्या. ज्याने कोणाचे नुकसान होईल असा संदेश असेल, तेव्हा पाठवणाऱ्याला एकट्याला ‘हे कुठून आलं, तुला माहीत आहे का?’ असे विचारा, सर्वांसमोर नको. रोज दुरुस्त्या करणाऱ्या माणसाची महत्त्वाची दुरुस्तीही कोणी वाचत नाही.

राहिली माफी. तुम्ही खोट्या ठरत नाही, कारण माफी मताची मागायची नसून वागण्याची मागायची आहे, आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवता येणे हेच तर तुम्हाला लोकांकडून हवे आहे. ‘दादा, मी सगळ्यांसमोर तुझ्याशी तसं बोलायला नको होतं’ एवढे वाक्य पुरे. त्याला ‘पण’ जोडू नका, आणि त्या दिवशी गोळ्यांचा विषय तुम्ही काढू नका. दादांनी काढलाच, तर पाय सुजत होते का ते विचारा.